साडेसातची पंगत

...नाई नाई, तुमी हासू नोका. तुमाले सांगतो, जेवाले जाते का मानूस, का तारखीवर जाते? आँ? सांगा ना! किसनसिंग भाऊ, काहाड ना बाबा गाडी, कवाचा बसून राह्यलो मी या रिसोडच्या स्टँडवर, जीप हाये का कोंबड्यायचं खुराडं हाये तुही... काय म्हन्ला? दोन सीट बाकी हायेत? अरे, त्या दोन सीटा येईपर्यंत तिकडे माहं ताट उचललं जाईन ना! साडेसातच्या आत घरी पायजे मी. साडेसात म्हन्जे साडेसात. नाई वो ताई, घरी कोनी बिमार नाई. पाहुनेही नाई यून राह्यले. जेवाचं हाये. बस. निरं जेवाचं हाये, आन त्याच्यासाठी माह्या जीवाची अशी उलघाल होऊन राह्यली.

तुमी म्हनसान, काका, जेवनाची एवढी काय घाई? मलेही असंच वाटे. दिवाळीच्या आंधी भेटले असते ना तुमी मले, तं मी बी याच सीटवर पाय पसरून बसलो असतो आन किसनसिंगले म्हनलो असतो, होऊ दे बापू निवांत, भरू दे गाडी. हे सारं झालं त्या बोटीपायी. बोट म्हन्जे पैनगंगेतली डोंगी नाई वो. समुंदरातली! आपलं मार्केट यार्ड, तहसील, हा स्टँड, सारं उचलून तिच्यात ठेवलं तरी मांगं जागा राह्यते, एवढी. आमची ज्योत्स्ना हाये ना, पोरगी माही, पुन्याले देल्ली हाये, तिच्या आन जवाईबापूच्या डोक्यात आलं, का आई-बाबाले बोटीनं फिरवू. आता आमी वावरात फिरनारे मानसं, आमाले कायले बोट? पन पोरगी म्हने, 'बाबा, आईनं कवा काई पाह्यलं?' मी म्हनलं, 'काहून? शेगाव पाह्यलं, लोणार पाह्यलं, अजून काय पाह्याचं राह्यते मानसाचं?' पन आयकते कोन!

तं झालं काय, सोयाबीनचा हडंबा चालू होता, मशीनचा धाड धाड आवाज, डोळ्यात भुसा, कानात भुसा, आन तेवढ्यात जवाईबापूचा फोन. आमचे हरीओमराव म्हन्जे एकदम गोड बोलनार, हळू बोलनार. 'मामाजी,' म्हने, 'एक विचारायचं होतं, संध्याकाळचं जेवण फिक्स घेऊ का फ्लेक्सिबल?' मी म्हनलं, 'काय घेता?' 'फिक्स का फ्लेक्सिबल, मामाजी.' मी हडंबा बंद केला. चार मजूर थांबले, ट्रॅक्टर थांबला, सारे माह्या तोंडाकडे पाहून राह्यले, का काकाले कोनत्या संकटाचा फोन आला!

मंग समजलं. फिक्स म्हन्जे रोज एकच टाइम, एकच टेबल, एकच खुर्ची, तेच शेजारी, तोच वाढनारा. फ्लेक्सिबल म्हन्जे तुमची मर्जी. भूक लागली तवा जा, जागा भेटली तिथं बसा. एवढंच. आता हे आपल्याले कोनी नवं सांगाव? एसटी म्हन्जे फिक्स, तिचा टाइम ठरेल, फक्त ती टायमावर येत नाई. आन ही किसनसिंगची जीप म्हन्जे फ्लेक्सिबल, भरंन तवा निंगंन! ...बाहीर नोको पाहू किसनसिंग, तुलेच म्हनून राह्यलो मी.

मी सीधं सांगतलं, 'जवाईबापू, आमाले बंधन नोको. जेवाले जाते का मानूस, का तारखीवर जाते? फ्लेक्सिबल घ्या.' रंगूबाई, म्हन्जे आमची घरवाली, ती बांधावर न्याहारी घेऊन आल्ती, ती मांगून म्हन्ते, 'टायमाचंच घ्या ना वो.' मी म्हनलं, 'तू न्याहारी सोड.' बस, एवढंच बोललो मी, दुसरं काई नाई बोललो, पन बायका कोनत्या बोलण्याची गाठ पदरात मारून ठेवतीन याचा काई नेम नाई, तुमाले सांगतो.

आन माहं काय चुकलं हो? मी आयुष्यभर फ्लेक्सिबलच जेवलो! कवा सात, कवा नऊ, पारावर गोष्टी निंगाल्या तं त्याच्याही मांगून. पन घरी गेलो, हात-पाय धुतले, पाटावर बसलो, का तव्यावरची भाकर सीधी ताटात. वाफ निंगते अशी! माही एक संपली का दुसरी तयार. मी इकडे पाटावर, ती तिकडे तव्यापाशी. माहं झालं का पोरीचं, पोरीचं झालं का गड्याचं, मंग भांडे खळखळ वाजले का समजाचं, आता रंगूबाई जेवून राह्यली असंन. हे असं चालत आलं. चांगलं चालत आलं! कोनाची तक्रार नवती. म्हन्जे मी तं कवा आयकली नवती.

बरं, बोटीवर चढलो. तिथलं सारं सांगत बसत नाई, नाई तं किसनसिंगच्या दोन्ही सीटा भरतीन तरी माहं सरनार नाई. लिफ्ट काय, गालिचे काय, मदातच पोहाचं टाकं काय... खाली समुंदर हाये लेकहो, वरतून टाकं कायले! जाऊ द्या. पहिल्या संध्याकाळी पोरगी आन जवाईबापू म्हने, 'आमी शो पाहून येतो, तुमी तुमच्या मनानं जेवून घ्या, फ्लेक्सिबल हाये.' गेलो आमी दोघं. मोठा हॉल. झुंबरं. गोल टेबल, त्याच्यावर पांढरी चादर, आन आठ खुर्च्या. दोघांचं टेबल खाली नवतं, म्हने शेअरिंगमंदी बसा. बसलो. तिथं आंधीच सहा जन जेवून राह्यले होते. मी साऱ्यायले रामराम केला. एकानं मान हलवली, बाकीचे फोनात.

वाढनारा आला. तामांग नाव त्याचं, दार्जिलिंगकडचा, गोरा, हसरा, बारीक डोळ्याचा, चांगला बालबच्च्याचा मानूस. 'नमस्ते सर, नमस्ते मॅडम, क्या लेंगे?' मॅडम! रंगूबाईनं मांगं वळून पाह्यलं, का कोन मॅडम आली.

जेवन आलं. मी जेवलो. वरन-भात, पनीर, कायकाय, जेवलो बाप्पा. आता तुमी मले सांगा, आपल्याकडची रीत काय हाये? भरल्या पंगतीतून मानूस उठते का? कितीही पोट भरो, पाय मुंगावो, शेवटच्या मानसाचा हात ताटातून निंगत नाई तवापर्यंत बसाचं. मदीच उठनं म्हन्जे शेजारच्याच्या तोंडावर मारल्यासारकं. तं मी बसलो. आन समोरचं जोडपं उठलं! सरळ! खुर्ची मांगं ढकलली आन चालले! मी म्हनलं जाऊ द्या, शहरातले असतीन, त्यायले कोनी सांगतलं नसंन. पन त्या खुर्च्या काई रिकाम्या राह्यल्या नाई हो... तामांगनं चादरीवरचे तुकडे झाडले आन दुसरं जोडपं आनून बसवलं! आता आली ना पंचाईत? हे आत्ताच बसले, यायचं होईपर्यंत मी कसा उठू? बसलो. तवर तिकडचे दोघं उठले, त्यायच्या जागी तिघं आले, एक खुर्ची वाढली. पंगत सरतच नाई! अरे, खेड्यात हजार मानसायच्या पंगती उठवेल मानूस मी, पन न सरनारी पंगत नवती पाह्यली कवा.

आन रिकाम्या ताटापाशी कसं बसाव? वाईट दिसते. म्हनून तामांग आला का मी म्हनो, 'आईस्क्रीम आनो.' तो आने. पुन्हा आला. 'सर, और कुछ?' 'आईस्क्रीम आनो.' चार आईस्क्रीम झाले, दात असे ठनकून राह्यले का रामराम म्हनता येईना नव्या लोकायले. तामांगच्या तोंडावरून दिसे, का त्याले वाटून राह्यलं, बुढ्यानं जिंदगीत आईस्क्रीम पाह्यलं नाई.

आन रंगूबाई? हे आयका आता. रंगूबाईच्या समोर ताट भरेल. तसंच! एका घासाले हात नाई. मी म्हनलं, 'अवं, जेव ना.' ते म्हन्ते, 'सारे जेवू द्या ना आंधी.' मी म्हनलं, 'सारे म्हन्जे कोन? या बोटीवर दोन हजार लोक हायेत!' पन तिचा हातच ताटाकडे जाईना. सवय नाई ना. नवा मानूस बसला का ती रोटीची टोपली त्याच्याकडे सरकवे, 'घ्या ना, घ्या ना अजून एक, लाजू नोका.' एकदा तं उठलीच! भाजीचं भांडं घेतलं आन लागली वाढाले साऱ्यायले! कोन कुठलं, मद्रासचं का दिल्लीचं, काई पाहनं नाई. तामांग पळत आला, भांडं हळूच हातातून घेतलं, 'मॅडम, आप बैठो. ये मेरा काम है. आप बैठो.'

बसली बिचारी. मी पंगत सरत नाई म्हनून बसलो, ते साऱ्यायचं होत नाई म्हनून बसली, आन लोकं येतच राह्यले, येतच राह्यले... शेवटी झुंबरं बारीक झाले, हॉल रिकामा झाला. तामांग हात जोडून आला, 'सॉरी मॅडम, किचन बंद.' आन तिचं ते भरेल, थंडं पडेल ताट तसंच उचलून नेलं. आता तिनं जेवाले हात पुढं केला होता हो! आता कुठं साऱ्यायचं झालं होतं ना!

खोलीत आलो. तिनं थैलीतून घरच्या दशम्या काहाडल्या, लोंच्याची बरणी काहाडली, आन पलंगाच्या काठावर बसून खाल्ल्या. खाली समुंदर, वर समुंदरातला एवढा महाल, आन ही दशमी खाऊन राह्यली. बोलली काईच नाई. तेच वाईट. रंगूबाई बोलली ना तं मले काई वाटत नाई, मानूस आयकून घेते, मान हालवते. ते चूप बसली का मंग मले झोप लागत नाई. मी म्हनलं, 'उद्या लवकर जाऊ, मोकळं टेबल पाहू.' तिनं बरणीचं झाकन लावलं.

...काय झालं किसनसिंग, एक सीट आली? शाब्बास. या भाऊ, सरका जरा सारे, या. आता एकच राह्यली. काहाड ना मंग! एका सीटसाठी कायले?

हां, तं दुसऱ्या दिवशी मी डेकवर समुंदर पाहून राह्यलो होतो. पाह्याचं काय त्याच्यात, निरं पानी, ना मोटर ना पाइप. तेवढ्यात इकडे रंगूबाईनं पोरीले धरलं आन काउंटरवर गेली. जी बाई मालेगावच्या बाजारात बांगड्या घ्याले मले संगं घेते, ते काउंटरवर! आन म्हन्ते कशी, हे पोरीनं मले मांगून सांगतलं, 'मले टायमाचं जेवन पायजे. माही जागा ठरेल पायजे. रोज तेच ताट तिथंच आलं पायजे.' काउंटरवाली म्हने एका टेबलावर एक खुर्ची हाये, फक्त एकच. पोरगी म्हने, 'आई, मंग बाबाचं?' तं ही म्हन्ते, 'त्यायले बंधन नोको हाये ना.'

आता याच्यावर काय बोलता? माह्याच तोंडचं वाक्य! बांधावरून बरोब्बर आयकलं होतं!

त्या संध्याकाळी भिंतीतून आवाज आला, टिंग टाँग, पहिल्या पंगतीचे पाहुने जेवाले चला. बोलावनं! गावात कसं घरोघर जाऊन सांगते, 'जेवाले चला वो,' तसं. रंगूबाईनं हिरवं पातळ नेसेल, केस विंचरेल, तयारच होती. 'येते मी' म्हन्ली आन चालली. एकटी. मांगं वळूनही पाह्यलं नाई.

पोरगी आन जवाईबापू आजही शोले गेल्ते. मी राह्यलो फ्लेक्सिबल! मोकळा! कोनाचं बंधन नाई! गेलो दारावर, तं भली मोठी लाइन. एका पोरीनं हातात एक डबी देल्ली, म्हने 'सर, ही थरथरली का या.' आता डबी थरथरायची वाट पाहत मी कोपऱ्यात उभा, अन् काचेतून पाहतो तं काय... खिडकीपाशी टेबल. चार जनं. आन मदात रंगूबाई. तामांगनं पांढरा रुमाल तिच्या मांडीवर पसरला. ताट आनलं, आंधी तिच्या समोर ठेवलं. आंधी तिच्या! मंग बाकीच्यायले. आन ते जेवाले लागली! कोनाची वाट नाई, कोनाले वाढनं नाई. शेजारी कोनीतरी बाई होती, तिच्या संग बोलून राह्यली, हासून राह्यली, हात हालवून राह्यली. मी इकडे डबी धरून उभा. माह्या हातात डबी, तिच्या हातात घास. ते इकडून मले दिसे, मी तिले दिसत नवतो.

डबी थरथरली. आत गेलो तं पोरगी विचारते, 'सर, एकटेच आहात का?' मी म्हनलं, 'एकटा कायले, बायको हाये ना मले!' 'कुठे आहेत त्या?' 'ते काय तिकडं, जेवून राह्यली!' तिनं मले असं पाह्यलं, का बुढ्याचं घरी काई भांडन झालेलं दिसते, आन एका खांबाआड बसवून देल्लं. एकट्याचं टेबल. समोर खांब. आता जेवाले जाते का मानूस, का खांब पाह्याले जाते? खरं सांगू का तुमाले? जेवन गेलंच नाई मले. आजपर्यंत मी जेवलो तं समोर कोनी ना कोनी बसेल असे. बोलत नसे, पन असे. भाकर थापल्याचा आवाज तरी असे. त्या खांबापुढं मले लय एकटं वाटलं, तुमाले सांगतो.

मंग तिसऱ्या दिवशी मी तिच्या मांगं मांगं गेलो. टिंग टाँग झालं, तशी ते निंगाली, तसा मीही. दारात तामांगनं अडवलं. हात जोडून, हासून, पन अडवलं. 'सर, आपका तो फ्लेक्सिबल है ना?' मी म्हनलं, 'हे माही बायको हाये.' 'जी सर. मगर इस टेबल पे आपका नाम नहीं है.' आता लग्न होऊन एवढी वर्षं झाली, सात-बाऱ्यावर माहं नाव, रेशनकार्डावर माहं नाव, घराच्या पाटीवर देवमन म्हनून माहं नाव, आन इथं टेबलावर नाव नाई! मी म्हनलं, 'भाऊ, एक खुर्ची लाव ना कुठंही.' तो म्हने, 'मैं मॅडम से पूछता हूँ.'

मॅडमले विचारते! आन मॅडमनं काय करावं? उठून यावं? बोलवावं? नाई. तिथूनच, घास गिळत गिळत, 'त्यायले विचारा, टायमावर येतीन का रोज?' सारं टेबल माह्याकडे पाहून राह्यलं. मी दारात उभा, टोपी हातात. म्हनलं, 'येईन.' काय करता? येईन म्हनलं ना!

खुर्ची लावली मंग तामांगनं, थोडी आडवी, कोपऱ्यात, पन लावली. तिच्या समोर. शेजारची बाई बेबीताई निंगाली, अकोल्याची, शाळेतून रिटायर झालेली, बोलनं एकदम चोख. ते मले म्हन्ते, 'भाऊ, तुमच्या ठेच्याचं लय आयकलं.' मले रोज ठेचा लागते, हे रंगूबाईनं सांगतलं असंन; म्हन्जे माह्यापेक्षा माहा ठेचा आंधी पोचला होता टेबलावर!

आन मंग रोटी आली. तव्यावरून सीधी, फुगेल, वाफ निंगनारी. तामांगनं रंगूबाईच्या ताटात ठेवली. तिनं बोटानं जरासी फोडली, वाफ आली बाहीर, तिनं तोंड मांगं घेतलं अन् हासली. मी समोरून पाहत होतो. तिले जेवताना असं समोरून मी पहिल्यांदाच पाहून राह्यलो होतो हो. ते डाव्या बाजूनं चावते हे मले मालूमच नवतं! आन ते मले म्हन्ते, रागानं नाई बरं, सहज, जशी कोनी पान्या-पावसाची गोष्ट सांगते तशी म्हन्ते, 'मी आजवर किती भाकरी फुगवल्या. पन फुगेल भाकर खाल्ली नवती कवा. माह्या वाट्याले येईपर्यंत ते बसूनच जाये.'

बेबीताईनं चमचा खाली ठेवला. तामांग पान्याचा जग धरून तिथंच उभा. आता याच्यावर मानूस काय बोलंन? मले काईतरी बोला लागत होतं ना? मी म्हनलं, 'वरनात मीठ कमी हाये.'

...हासा, हासा तुमी. तुमी असते तं काय बोलले असते? सांगा ना!

बरं, मले वाटलं, बोट संपली का हे सारं संपलं. घरी आलो. पहिल्या संध्याकाळी मी आपला पारावर बसेल, गोष्टी रंगेल, तेवढ्यात आमच्या घराकडून आवाज, ठन ठन ठन! पितळी ताटावर कोनीतरी पळी हानते. आमचा शेजारी खेमा म्हने, 'काका, तुमच्या घरी चांदाले गिरन लागलं का काय?' मी पळत गेलो, तं रंगूबाई दारात, हातात ताट, हातात पळी. 'साडेसात झाले. जेवाले चला.' मी म्हनलं, 'अवं, जेवाले जाते का मानूस...' ते म्हन्ते, 'माहीत हाये मले तुमचं ते. तारखीवर नाई जाचं, ताटावर याचं हाये. या.'

आत गेलो तं दोन पाट. दोन ताट. समोरासमोर! मी म्हनलं, 'आन तव्यापाशी कोन?' ते म्हन्ते, 'भरल्या पंगतीतून उठाचं नाई, असं तुमीच म्हन्ता ना? मंग मी बसल्यावर काहून उठू?' आता बोला! माहीच रीत, माह्याच गळ्यात! मी म्हनलं, 'मंग भाकर कोन फुगवंन?' तिनं माह्याकडे पाह्यलं फक्त.

तामांगचं काम आलं हो माह्याकडे. 'ये मेरा काम है' झालं माहं. तुमच्या भाकरी मी भाजून टोपल्यात ठेवीन, म्हने, पन माही शेवटची मी थापून तव्यावर टाकीन आन ताटावर बसीन, ते तुमी पलटवाची, जाळावर धराची, फुगवाची आन माह्या ताटात वाढाची, मंग तुमी बसाचं, मंग दोघांनं संगं जेवाचं. मी म्हनलं, 'मंग मी उभा राह्यलेला चालतो का पंगतीत?' तं म्हन्ते, 'तुमी कुठं उठले? तुमी तं अजून बसलेच नाई.' वकील व्हाले पायजे होती हे बाई, तुमाले सांगतो. वाया गेली माह्या घरी.

हे पाहा बोटं. हे काळं नाई, हे पोळेल हाये. पहिल्या भाकरीचा कोळसा झाला. दुसरी मदातून फाटली, वाफ सारी माह्या मनगटावर. तिनं दोन्ही खाल्ल्या. चार-आठ दिवसानं एकदा अशी फुगली टम्म, का मलेच विश्वास नाई! मी चिमट्यानं उचलली, पळत नेली, ताटात ठेवली. तिनं बोटानं फोडली, तोंड मांगं घेतलं, आन मले म्हन्ते, 'थ्यांक यू.' थ्यांक यू म्हन्ते! मले! नवऱ्याले! तामांगले म्हने तसं. पन बरं वाटलं मले. लय बरं वाटलं, कायले खोटं बोलू.

आन उशीर झाला तं? सांगतो ना. मांगच्या हप्त्यात झाला. लखनच्या दुकानावर जरासा टेकलो, जरासाच, आन घरी गेलो तं एक ताट धुऊन पालथं. स्वतःच उठली, स्वतःची भाकर स्वतः भाजली, एकटी जेवली आन झालं. मले म्हन्ते, 'टोपल्यात हाये. घ्या हातानं. तुमचं फ्लेक्सिबल हाये.' थंडी भाकर, समोर भिंत. खांब तरी बरा होता, त्याले नकसी होती. मी खाल्ली. पन भाकरीचं नवतं वो दुःख. ते भरल्या ताटावरून उठली ना माह्यापायी, ते मनाले लागलं. एवढ्या वर्षानं बसली होती बिचारी, आन मी आलो नाई म्हनून पुन्हा उठा लागलं तिले. ते मांगच्या जागी, तव्यापाशी, गेली का मंग मी कुठं जाऊ, सांगा?

म्हनून किसनसिंग... किसनसिंग भाऊ, हात जोडतो तुले! दिवेलागन झाली, तिनं पीठ मळेल असंन, तवा ठेवेल असंन. ते एक सीट येऊ दे नाई तं नोको येऊ दे, तिचे पैसे मी देतो, घे, त्या सीटवर माही थैली बसंन, थैलीचं तिकीट फाड. पन काहाड गाडी!

काय म्हन्ला? 'काका, एवढे कायले तळमळून राह्यले, घरीच जाचं हाये, काई कोर्टात तारीख थोडी हाये?'

अरे बापू... तारीख असती तं मी असा तळमळलो असतो का? वकील उभा राह्यला असता, दोन शब्द बोलला असता, आन पुढची तारीख भेटली असती. कोर्ट देते हो पुढची तारीख. रंगूबाई नाई देत... काहाड.